बोटीच्या इंजिनाला बाहेरचा इनटेक मॅनिफोल्ड घेताना काय पाहावे

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत हर्णे, मिरकरवाडा, मालवणच्या बोटी वर ओढून शाकारल्या की इंजिने उघडायला घेतात. इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाच्या सगळ्या सिलिंडरना हवा वाटून देणारा नळ्यांचा ढाळीव भाग, बदलायचा असेल तर हाच काळ. ऑगस्ट तोंडावर आला की दुकानात मिळेल तो भाग, मिळेल त्या भावात घेतला जातो आणि त्याची किंमत वीस वाव पाण्यात कळते. इंजिनाच्या कंपनीचा भाग महाग पडतो किंवा जुन्या मॉडेलसाठी येणेच बंद होते. अशा वेळी बाहेरचा, म्हणजे दुसऱ्या कारखान्याचा, मॅनिफोल्ड घेण्यात काहीच गैर नाही. फक्त तो नीट पारखून घ्यावा लागतो.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा

काळा धूर येतोय म्हणून मॅनिफोल्ड बदलायला निघालेले बरेच जण असतात. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. त्याची कारणे बहुधा दुसरीकडे सापडतात: चोंदलेला एअर फिल्टर, थकलेला टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंप), खराब इंजेक्टर, बोटीच्या पंख्यात (प्रॉपेलरमध्ये) अडकलेली दोरी किंवा तळाला साचलेले शिंपले. ही सगळी आधी तपासा. मॅनिफोल्ड बदलण्याची खरी कारणे मोजकीच: तडा, खारेपणाने खाल्लेला फेस (इंजिनाला टेकणारा सपाट भाग), गेलेले आटे, किंवा पाण्याची वाट असलेल्या मॅनिफोल्डला आतून पडलेली भोके.

तडा डोळ्याला दिसत नसेल तर सोपी चाचणी आहे. मॅनिफोल्ड सोडवून धुवून कोरडा करा आणि बाहेरून खडूची पूड कालवून तिचा पातळ हात द्या. तो वाळला की खालची तोंडे बंद करून आत रॉकेल ओता आणि तासभर ठेवा. तडा असेल तिथे पांढऱ्यावर ओली रेघ उमटते.

जुना भाग हातात घेऊनच दुकानात जा

इंजिनाच्या प्लेटवरचा मॉडेल नंबर, इंजिन नंबर आणि जुन्या मॅनिफोल्डवर ढाळलेला पार्ट नंबर यांचे फोटो काढून ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच मच्छीमार बोटींत ट्रकच्या जातकुळीची, समुद्रासाठी बदल केलेली डिझेल इंजिने असतात. ब्लॉक तोच असला तरी ट्रकचा मॅनिफोल्ड बोटीवर बसेलच असे नाही. हवेचे तोंड ट्रकमध्ये एका बाजूला, बोटीत दुसऱ्या बाजूला असू शकते. टर्बोनंतर हवा थंड करणारा कूलर असेल तर त्याचा फ्लँज (जोडायची कडा) वेगळा असतो. टर्बोचा दाब डिझेल पंपाला कळवणारी बारीक नळी, हीटर किंवा सेन्सर यांची भोके मोजून घ्या. एखादे भोक जास्त असेल तर प्लग मारता येतो. कमी असेल तर नव्याने पाडण्याआधी तिथली भिंत पुरेशी जाड आहे का ते बघा. इंजिनरूमची उंचीही मोजा, कारण उंच मॅनिफोल्डवर फिल्टर चढवला की इंजिनरूमवरची झाकणाची फळी बसत नाही.

जास्त ताकदीच्या जाहिरातीला भुलू नका

पंख्याला लागणारी ताकद साधारण आरपीएमच्या (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) घनाच्या प्रमाणात वाढते आणि बोटीचे इंजिन तासन्‌तास एकाच भारावर चालते. गाडीसारखे ते कधी वर, कधी खाली जात नाही. म्हणून बोटीला हवा तो असा मॅनिफोल्ड, जो आपण रोज चालवतो त्या आरपीएमला सगळ्या सिलिंडरना सारखी हवा देतो. मधल्या सिलिंडरना भरपूर आणि टोकाच्याला कमी हवा मिळाली, तर टोकाचा पिस्टन जास्त तापतो. वर इंजिन चांगले चाललेय असे वाटत असते आणि आत एकच सिलिंडर जळत जातो.

ज्यांची स्पीडबोट पेट्रोलच्या व्ही-८ इंजिनावर आहे, त्यांनी हे जास्तच जपावे. ड्युअल प्लेन मॅनिफोल्ड (हवेच्या वाटा दोन गटांत विभागलेला) खालच्या आणि मधल्या आरपीएमला जोर देतो. सिंगल प्लेन (सगळ्या वाटा एकाच पोकळीतून निघणारा) शर्यतीच्या वरच्या आरपीएमसाठी असतो. कार्ब्युरेटरवाली ५.७ लिटरची अनेक मरीन इंजिने पूर्ण थ्रॉटलला पाच हजारांच्या आतच फिरतात, तेव्हा ड्युअल प्लेनच घ्या. जनरल मोटर्सच्या १९९६ नंतरच्या व्होर्टेक हेडला (हेड म्हणजे सिलिंडरवरचे झाकण) मॅनिफोल्डचे आठ बोल्ट असतात, आधीच्या हेडला बारा, आणि पोर्टचा, म्हणजे हवेच्या भोकाचा, आकारही वेगळा. एक दुसऱ्यावर बसत नाही. पेट्रोल बोटीला मरीन दर्जाचा फ्लेम अरेस्टर (बॅकफायरची, म्हणजे इंजिनातून उलट येणारी, ज्योत अडवणारी जाळी) लागतोच. इंजिनाखालच्या खोलगट भागात पेट्रोलची वाफ साचते आणि बॅकफायरची एक ठिणगी पुरते. नव्या मॅनिफोल्डवर तो बसत नसेल तर तो मॅनिफोल्ड परत करा.

धातू कुठला?

खिशात लोहचुंबक ठेवा. बिडाला (ओतीव लोखंडाला) चिकटतो, ॲल्युमिनियमला आणि गनमेटलला नाही. नुसती हवा जाणारा मॅनिफोल्ड असेल तर ॲल्युमिनियम चालते, पण बाहेरून चांगला रंग हवा. मॅनिफोल्डमधून खारे पाणी जात असेल, तर साध्या ॲल्युमिनियमपासून लांब राहा. ॲल्युमिनियम, बीड आणि खारे पाणी एकत्र आले की आधी ॲल्युमिनियम खाल्ले जाते. फेसवर पांढरी भुकटी दिसू लागली की ओळखावे. गोड्या पाण्याच्या कूलंटवर चालणाऱ्या, हीट एक्स्चेंजरच्या (खारे पाणी वापरून कूलंट थंड करणाऱ्या) इंजिनात हा धोका बराच कमी. बिडाचा मॅनिफोल्ड जड आणि गंजणारा, पण जाड असल्याने बराच टिकतो. माझा कल तिकडेच आहे, अर्थात वजन आणि जागा परवडत असेल तर.

मुंबईच्या दारूखाना भागातल्या भंगारबाजारातून जुना भाग आणणार असाल तर वरची रॉकेलची चाचणी करूनच पैसे द्या.

दुकानातच करायची तपासणी

सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा संच) सोबत न्या. हेडला टेकणाऱ्या फेसवर पट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवा आणि खालून फिलर सरकवून बघा. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फट असेल तर फेसिंग (फेस घासून सपाट करणे) करून घ्यावे लागेल, म्हणजे किंमत वाढली.

नवे पॅकिंग (गॅस्केट) फेसवर ठेवून पोर्ट जुळतात का पाहा. मॅनिफोल्डचे भोक हेडच्या भोकापेक्षा थोडे लहान असले तर चालते. मोठे असेल तर हवेला हेडच्या कडेची पायरी आडवी येते.

आता प्रत्येक वाटेत टॉर्च मारा आणि बोट आत फिरवा. ढलाईची बारीक वाळू हाताला लागते का? लागली तर भाग नुसता फुंकून बसवू नका. डिझेलने धुवा, ब्रश फिरवा, पुन्हा धुवा आणि दाबाची हवा मारा. वाळूचा एक कण लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या नळीवर) कायमची रेघ ओढतो. ढलाईची बर (उरलेली धारदार कड) राहिली असेल तर ती कानसीने काढा, पण पॅकिंगच्या फेसला कानस लागू देऊ नका.

बसवणे आणि चाचणी

जुने पॅकिंग खरवडताना हेडच्या तोंडात स्वच्छ कापडाचे बोळे घाला, आणि शेवटी ते मोजून बाहेर काढा. स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जाणार असतील तर आट्यांना अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारे मलम) लावा, नाहीतर पुढच्या वेळी बोल्ट तुटूनच निघेल. बोल्ट मधून टोकाकडे, आलटून पालटून, दोन-तीन टप्प्यांत आवळा. टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) नसेल तर मिस्त्रीकडून मागून आणा.

टर्बो इंजिनात दाब येताच सगळ्या जोडांवर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले की गळती. विनाटर्बो इंजिनात गळती आतल्या बाजूने होते आणि फिल्टर न झालेली खारट हवा ओढली जाते. तिथे फेस आणि पॅकिंग नीट बसणे, हाच भरवसा.

मग भार घेऊन बाहेर जा. पूर्ण थ्रॉटलला आधी येत होते तेवढे आरपीएम येतात का, धूर आणि तापमान पूर्वीसारखे आहे का, ते लिहून ठेवा. परत आल्यावर इंजिन थंड झाले की, इंजिनाच्या पुस्तकात मनाई नसेल तर, बोल्टचा टॉर्क पुन्हा एकदा बघा. जुना मॅनिफोल्ड तडकलेला नसेल तर तेल लावून घरी ठेवा, आणि नव्याचा पार्ट नंबर इंजिनरूममध्ये रंगाने लिहा.