लॉगलाइन वाचून नेमकं काय सांगायचं

"छान आहे, फक्त थोडा पंच हवा." लॉगलाइन, म्हणजे सिनेमाची गोष्ट एक-दोन वाक्यांत, वाचून सगळ्यात जास्त वेळा हेच सांगितलं जातं आणि त्याचा उपयोग शून्य. पंच कुठे हवा, कुठल्या शब्दापाशी वाचणारा घसरला, हे लिहिणाऱ्याला कळतच नाही. लिहिणाऱ्याच्या डोक्यात शंभर पानांची पटकथा असते, त्यामुळे पंचवीस शब्दांत काय राहून गेलं ते त्याला दिसत नाही. त्या शब्दांतून आपल्यापर्यंत काय पोचलं ते आपण सांगायचं.

सुरुवात अशी करा. लॉगलाइन एकदाच वाचा, मोबाइल उलटा ठेवा आणि दहा मिनिटांनी घरातल्या कुणालाही ती गोष्ट सांगून बघा. तोंडून जे निघालं ते चुकांसकट लिहून काढा. नायकाचा व्यवसाय विसरलात? मग तो व्यवसाय गोष्टीत काही काम करत नसणार. शेवटी काय पणाला लागलंय ते सांगता आलं नाही? ते बहुधा लिहिलेलंच नाही. "मला गोष्ट अशी समजली" म्हणून हा कागद लिहिणाऱ्याला द्या. निम्मं काम इथेच होतं.

मग मूळ मजकूर पुन्हा समोर घ्या आणि पाच गोष्टी शोधा: माणूस कोण, त्याच्यावर काय येऊन पडतं, त्याला काय करायचंय, आडवं कोण येतं, जमलं नाही तर काय जाईल. ज्या शब्दांत उत्तर आहे त्यांखाली रेघ ओढा. जिथे रेघ ओढता येत नाही तिथे प्रश्न लिहा. उत्तर आपल्या मनाने भरू नका.

बडोद्यातल्या कुठल्याही लिहित्या मुलाने आणावी अशी एक लॉगलाइन घेऊ:

"बडोद्यात राहणारा मिहीर हा एक साधा तरुण आहे. पण एका पावसाळी रात्री त्याच्या आयुष्यात असं काही घडतं की सगळं बदलून जातं आणि त्याला स्वतःच्या भीतीला सामोरं जावं लागतं."

अठ्ठावीस शब्द, आणि रेघ जेमतेम "तरुण" आणि "भीती" यांखाली ओढता येते. "असं काही घडतं" ही लपवाछपवी पोस्टरवर शोभते. लॉगलाइन निर्मात्याने किंवा दिग्दर्शकाने वाचायची असते. त्याला गोष्ट कळली नाही तर तो पुढचं पान उघडणार नाही. शेवट लपवा, पण गोष्ट सुरू करणारी घटना लपवू नका. "मिहीर" या नावातूनही काही कळत नाही. त्या जागी व्यवसाय आणि एखादं विशेषण जास्त काम करतं. "साधा" हे मात्र विशेषण असून नसल्यासारखंच.

इथे "हे फार मोघम आहे" एवढं म्हणून थांबू नका. विचारा: त्या रात्री दारातून आत काय येतं? भीती कशाची? समजा उत्तर आलं की विश्वामित्री नदीला पूर येतो, तळमजल्यावर मगर शिरते आणि आत आजी अंथरुणाला खिळलेली आहे. म्हणजे गोष्ट होती. लिहिणाऱ्याने तिच्यावर चादर टाकून ठेवली होती.

आता बडोदेकर वाचकाला एक धोका आहे. शहराच्या मधून वाहणाऱ्या नदीत मगरी आहेत, आजवा धरणाचं पाणी सुटलं की नदी चढते, ऑगस्ट २०२४च्या पुरात मगरी वस्त्यांत सापडल्या, हे आपल्याला सांगावं लागत नाही. म्हणून आपण लॉगलाइनमधल्या मोकळ्या जागा नकळत भरून टाकतो आणि "मस्त" म्हणतो. मुंबईतला वाचक विचारेल, घरात मगर येतेच कशी? आणि आली तर मारत का नाहीत? मगर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिला मारणं गुन्हा आहे. हे लॉगलाइनमध्ये लिहायची गरज नाही, पण नायक मगर पकडणाऱ्यांपैकी असेल तर प्रश्न आपोआप मिटतो. तेव्हा टिपण असं लिहा: "मी इथला आहे म्हणून मला कळलं. बाहेरच्याला 'पूर' हा शब्द दिसायला हवा."

उलटी चूकही बघून ठेवा. "नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर बसतो." सयाजीराव महाराजांची ही हकीकत ऐकली की कुणीही कान टवकारतो, म्हणून लॉगलाइन पूर्ण झाल्यासारखी वाटते. पण ही परिस्थिती झाली, गोष्ट नव्हे. गादीवर बसल्यावर त्या मुलाला काय हवंय? राजवाड्यात त्याच्या वाटेत कोण उभं आहे? विरोधाभास जबरदस्त आहे, क्रियापद मात्र बसल्या जागीच बसलंय. खऱ्या घटनेवरच्या लॉगलाइनला अभिप्राय देताना हा प्रश्न आधी विचारा. आणि हो, इथे नाव ठेवायला हरकत नाही. "सयाजीराव" म्हटलं की मराठी वाचकाला काळ आणि जागा दोन्ही कळतात.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून त्याच्यावर जास्त लक्ष द्या. "सामोरा जातो", "शोध घेतो", "प्रवास उलगडतो", "आयुष्याला कलाटणी मिळते" ही क्रियापदं कॅमेऱ्याला दिसत नाहीत. लपवतो, पळवतो, सोडवतो, विकतो ही दिसतात. दुसरी खोड "-लेला" आणि "-णारा" यांच्या माळेची: "नोकरी गमावलेला, बायकोने सोडलेला, गावी परतलेला, कर्ज फेडणारा शिक्षक" म्हणेपर्यंत ऐकणारा दमतो. दोनच्या वर दिसली तर कुठली एक पुरे ते विचारा. शब्दमर्यादेचंही तसंच. इंग्रजी लॉगलाइनसाठी साधारण पंचवीस ते पस्तीस शब्द सांगितले जातात. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे तोच ऐवज वीस-पंचवीस शब्दांत मावतो. पस्तीस मराठी शब्दांत बहुतेक वेळा एखादं उपकथानक घुसलेलं असतं.

सांगताना तीनच मुद्दे सांगा आणि सगळ्यात मोठा आधी. लॉगलाइनला नायकच नसेल तर शुद्धलेखनावर बोलू नका. लिहिणारा ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून तीच लॉगलाइन परत आणेल. गुजराती वळणाची मराठी असली तरी ते शेवटी. दांडिया बाजारातले निवृत्त काका पहिल्यांदा पटकथा घेऊन आले तर "काका, यात दम नाही" म्हणू नका आणि नुसतं "वा वा" म्हणून चहाही पाजू नका. "काका, मला एवढं समजलं, तुम्हाला हेच म्हणायचं होतं का?" असं विचारलं की तेच पुढचं बोलायला लागतात. ते बोलतात ते टिपून घ्या. लॉगलाइनमध्ये नसलेली सगळ्यात चांगली ओळ बहुतेकदा त्या बोलण्यात निघते.

स्वतः नवी लॉगलाइन लिहून हातात देण्याचा मोह आवरा. ती सुबक असेल, पण तो तुमचा सिनेमा असेल. फार तर एखादा तुकडा उदाहरण म्हणून द्या.

दुसऱ्या फेरीत समजा हे आलं: "पुराचं पाणी घरात चढत असताना मगरही आत येते, आणि एका हल्ल्यानंतर मगरी पकडायचं काम सोडून दिलेल्या तरुणाला अंथरुणाला खिळलेल्या आजीला घेऊन मगरीसमोरून जिना गाठायचा आहे."

पंचवीस शब्द. पाचही रेघा ओढता येतात, चढतं पाणी घड्याळाचं काम करतं, भीतीला कारण मिळालं. आता बारीक कामाची वेळ: "तरुणाला अंथरुणाला खिळलेल्या आजीला" यात तीन "-ला" ओळीने आलेत, मोठ्याने वाचताना जीभ अडखळते. तेवढ्यावर बोट ठेवा. "काम सोडून दिलेला तरुण आजीला खांद्यावर घेऊन मगरीसमोरून जिना गाठायला निघतो" असं काहीतरी लिहिणारा स्वतःच करेल.

यानंतरची चाचणी मात्र तुम्ही घेऊ नका. मगर तुम्हाला आता ठाऊक आहे. ज्याने यातलं काहीच ऐकलेलं नाही असा वाचक शोधा आणि त्याला दहा मिनिटांनी गोष्ट सांगायला लावा.