जुनी होडी दुरुस्त करायची की सोडून द्यायची? या चुका टाळा

"घेऊन जा, फुकट देतो," असं कुणी म्हणालं की खरी परीक्षा सुरू होते. ताडपत्रीखाली पाच-सहा वर्षं पडून असलेली बारा-चौदा फुटी होडी. रंग उडालेला, पण बांधा सुरेख. आपण तिच्या काठावरून हात फिरवतो आणि निर्णय तिथेच होऊन जातो. पुढचा सगळा हिशेब त्या निर्णयाला सोयीचा मांडला जातो.

जुन्या होड्या पुन्हा पाण्यात उतराव्यात असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच चुकीच्या होडीवर कुणाचे दोन हंगाम वाया गेलेले पाहवत नाहीत. बहुतेक वेळा चूक कारागिरीत नसते. पॉलिश पेपर हातात घेण्याआधीच ती झालेली असते.

चूक १: रंग पाहणं, आतलं पाणी न पाहणं

फायबरग्लासची होडी कुजत नाही, हा समज फार महागात पडतो. काच आणि रेझिन कुजत नाहीत हे खरं, पण बहुतेक होड्यांच्या ट्रान्सममध्ये, म्हणजे मोटर जिथे बसते त्या मागच्या आडव्या भिंतीत, फायबरग्लासच्या दोन थरांच्या मधे प्लायवूड असतं. तळातल्या लांब आधारांत, म्हणजे स्ट्रिंगरमध्येही बऱ्याचदा लाकूडच असतं. बोल्टच्या भोकांचं सील सुटलं की पाणी आत शिरतं, आणि दोन्ही बाजूंनी थर असल्यामुळे त्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही.

एका होडीचा ट्रान्सम बाहेरून आरशासारखा गुळगुळीत होता. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने वरून खाली ठोकत गेलो. वर टणटणीत आवाज येत होता. मोटरच्या बोल्टांच्या खाली आलो आणि आवाज एकदम बसला, ओल्या पुठ्ठ्यावर ठोकल्यासारखा. तिथला सगळ्यात खालचा स्क्रू काढला तर भोकातून काळपट पाणी ओघळलं आणि कुबट वास आला. खात्रीसाठी आतल्या बाजूने लहानसं भोक पाडलं. ड्रिलच्या पात्याला भुशाऐवजी ओला काळा लगदा चिकटून आला. म्हणजे ट्रान्सम आतून पूर्ण उकलून नवा बसवायचा होता. अर्ध्या तासात समजलेली ही गोष्ट रंग लावून झाल्यावर समजली असती तर काय झालं असतं, याचा विचार करा.

ठोकताना आवाज बसेल तिथे खडूने खुणा करत जा. खुणा एका ठिकाणी गोळा झाल्या तर दुरुस्ती तेवढ्यापुरती असते. तळभर पसरल्या तर होडी सोडा. भोकं पाडायची तर मालकाला विचारून पाडा आणि नंतर इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या रेझिनने, बुजवा.

आणखी एक तपासणी लोक जवळजवळ कधीच करत नाहीत, ती म्हणजे वजन. होडी बुडू नये म्हणून तिच्या आतल्या जमिनीखाली जो फोम भरतात, त्याचं कोरडं वजन घनमीटरला साधारण 30 किलो असतं. पाण्याचं वजन 1000 किलो. वर्षानुवर्षं पाण्यात बसलेला फोम ते शोषून घेतो. फोममध्ये नुसतं शंभर लिटर पाणी मुरलं तरी होडी शंभर किलोने जड होते आणि बाहेरून काहीही दिसत नाही. ट्रेलरसकट वजनकाट्यावर न्या, ट्रेलरचं वजन वजा करा आणि कंपनीने दिलेल्या आकड्याशी ताडून पाहा.

चूक २: लाकडी होडीच्या फटींना घाबरणं, खिळे मात्र न तपासणं

फळ्यांची होडी कोरड्यावर राहिली की फळ्या आकसतात आणि फटी पडतात. ते तिच्या स्वभावातच आहे. हळूहळू भिजवली की फळ्या फुगून बऱ्याच फटी आपोआप मिटतात. अशा कोरड्या फटींत कडक भरण ठासून भरणं ही मोठी चूक. फळ्या फुगल्यावर त्यांना जागा उरत नाही आणि तो ताण खिळ्यांवर आणि आतल्या बरगड्यांवर येतो. बरगड्या तडकतातसुद्धा.

कूज मात्र गंभीर. लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी वाढते, आणि खाऱ्या पाण्यापेक्षा साचलेलं पावसाचं पाणी तिला जास्त मानवतं. म्हणून तळापेक्षा आधी डेकच्या कडा, दोन्ही टोकांचे कोपरे आणि ट्रान्समचा पाया टोचून पाहा.

मग दोन-तीन स्क्रू किंवा खिळे काढून बघा. लोखंडी खिळा गंजून फुगलेला आणि भोवतीचं लाकूड काळं, मऊ झालेलं असेल तर उरलेल्या शेकडो खिळ्यांचीही तीच गत असणार. पितळी स्क्रू गुलाबीसर दिसला तर त्यातलं जस्त निघून गेलंय, पिळताच तो तुटेल. एक-दोन तडकलेल्या बरगड्यांना शेजारी नव्या जोडता येतात. पण कणा (तळाचं मुख्य लांब लाकूड), नाळेचा म्हणजे पुढच्या टोकाचा खांब आणि खिळे तिन्ही गेले असतील तर ती दुरुस्ती राहत नाही, जुन्या होडीच्या आकाराची नवी होडी बांधणं होतं. ते करायचं असेल तर सरळ मापं घ्या, साचे काढा, नवीच बांधा आणि जुनीचं सामान तिच्यावर चढवा. त्यात बऱ्याचदा कष्ट कमीच लागतात.

चूक ३: होडी म्हणजे नुसता सांगाडा समजणं

लहान होडीत पैसा सांगाड्यात कमी आणि त्याला जोडलेल्या गोष्टींत जास्त असतो: मोटर, ट्रेलर, शिडं, डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या पोलादी तारा. मोटरचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून घ्या. सिलिंडरांमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर "नुसता कार्बोरेटर साफ करायचाय" हे मालकाचं म्हणणं बाजूला ठेवा. तारा दहा-पंधरा वर्षं जुन्या असतील तर बदलायच्याच धरा, चकाकत असल्या तरी.

मग बसून यादी करा. इपॉक्सी, काचेचं कापड, हातमोजे, मास्क, पॉलिश पेपर, ब्रश, रंग पातळ करायचं द्रव. हे किरकोळ वाटणारं सामान शेवटी बऱ्याचदा मोठ्या वस्तूंइतकं होतं. समोर त्याच बनावटीच्या, पाण्यात चालू असलेल्या होडीची किंमत लिहा. माझा स्वतःचा नियम असा: स्वतःची मजुरी शून्य धरूनही नुसतं सामान त्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर मी हात लावत नाही.

होडी कोणत्या वर्गाची आहे यानेही पारडं फिरतं. 1962 साली आरेखन झालेल्या मिरर डिंगी या लहान शिडाच्या होडीच्या 70,000 हून अधिक प्रती बांधल्या गेल्या. 1970 साली आरेखन झालेल्या लेझर या दुसऱ्या शिडाच्या होडीच्या तर दोन लाखांवर. अशा होडीची शिडं, सुकाणू, माहितगार माणसं शोधायला फार हिंडावं लागत नाही. एकट्या-दुकट्या बांधलेल्या अनामिक होडीची प्रत्येक तुटकी वस्तू मात्र घडवून घ्यावी लागते.

चूक ४: भोकाच्या आकारावरून कामाचा अंदाज

फायबरग्लासचा जोड टिकायला कड जाडीच्या साधारण बारा पट उतरती घासावी लागते. पाच मिलिमीटर जाडीत दहा सेंटिमीटरचं भोक असेल तर घासायचा भाग बावीस सेंटिमीटर होतो. फायबरग्लासमधल्या जुन्या पॉलिएस्टर रेझिनवर इपॉक्सी चांगली धरते. पक्क्या झालेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही, तेव्हा क्रम आधी ठरवा.

तळाचा जुना रंग कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं, आणि टीबीटी नावाचं विषारी द्रव्यही, ज्यावर जागतिक करारानुसार 2008 पासून बंदी आहे. ओलं करून खरवडणं, मास्क, गोळा केलेला कचरा नीट पोचवणं, या सगळ्याचे दिवस अंदाजात धरा. होडी ॲल्युमिनियमची असेल तर तांबं असलेला तळरंग लावू नका. धातूच खाल्ला जातो.

चूक ५: आठवणीला हिशेबात लपवणं

होडी आजोबांची असेल, तिच्यात तुम्ही वल्हवायला शिकला असाल, तर पैशात न बसणारं कारण पुरेसं आहे. 1940 साली, दुसऱ्या महायुद्धात, फ्रान्समधल्या डंकर्कहून सैनिक आणणाऱ्या लहान होड्यांपैकी काही आजही जपल्या जातात, त्या काही फायद्यासाठी नाहीत. फक्त ते कारण उघडपणे मान्य करा. "विकताना पैसे निघतील" असं स्वतःला सांगू नका, कारण सहसा ते निघत नाहीत. अर्धवट उकललेली होडी तर न उकललेलीपेक्षाही कमी किमतीला जाते. छताखालची जागा आणि आठवड्याचे नेमके किती तास, ही दोन उत्तरं हातात नसतील तर ताडपत्री काढूच नका.

फुकटच्या होडीला हो म्हणण्याआधी मालकीचे कागद आणि होडीवर कोरलेला क्रमांक जुळतो का ते पाहा. आणि एक फोन करा: काम नाहीच जमलं तर फायबरग्लासचा सांगाडा कोण घेईल, किती घेईल? तो कुजून जात नाही, जाळला तर विषारी धूर होतो, आणि कापून नेण्याचा खर्च तेव्हा जो मालक असेल त्याच्यावर येतो.