शिबिर घ्यायचंय? आधी वहीतला शेवटचा रकाना आखा

आमच्या दवाखान्याच्या पहिल्या आरोग्य तपासणी शिबिराला 140 माणसं आली. फोटो झकास निघाले, डॉक्टर खूश, मीही खूश. सहा महिन्यांनी एक आजोबा धापा टाकत आले, पाय सुजलेले. खिशातून त्यांनी चार घड्या घातलेला कागद काढला. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: बीपी 176/104. बस्स, एवढंच. "सिस्टर, आकडा दिलात, पण त्याचं करायचं काय ते कुठं सांगितलंत?"

तेव्हापासून मी शिबिराची तयारी शेवटाकडून करते. आधी वही. नाव, वय, फोन, दोन रीडिंग आणि शेवटी 'परत आले का?' हा रकाना. तो रकाना जेवढ्यांचा भरता येईल तेवढीच माणसं बोलवा. 1968 साली विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी अशा तपासण्यांचे निकष लिहिले, त्यातही हे आहेच: आजार सापडला तर पुढच्या निदानाची आणि उपचारांची सोय हवी. म्हणून डोळे, हाडं, रक्तगट असं सगळं एका दिवसात कोंबू नका. बीपी आणि शुगर, एवढंच पुरे. बीपी वाढलेल्या कितीतरी लोकांना त्याचा पत्ताच नसतो, कारण दुखत-खुपत काही नाही.

आता बीपी. इथं घाई केलीत तर अख्खी वही खोटी. पाठ टेकता येईल अशा खुर्च्या एका शांत कोपऱ्यात मांडा आणि आलेल्या माणसाला तिथं पाच मिनिटं नुसतं बसू द्या. अर्ध्या तासात चहा-कॉफी, तंबाखू नको. लघवीला जाऊन आलेलं बरं. पाय जमिनीवर, एकावर एक टाकलेले नकोत. हात छातीच्या पातळीवर टेकवलेला, पट्टा बाहीवरून न बांधता उघड्या दंडावर. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी उगाच जास्त दिसतं, तेव्हा मोठा पट्टा जवळ हवाच. आणि गप्पा बंद! हे मला स्वतःलाच सांगावं लागतं. एक गृहस्थ जिने चढून आले ते थेट हात पुढे करून उभे, रीडिंग 164/98. दहा मिनिटं बसवलं, 136/84. एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजा, दोन्ही लिहा.

शुगरला हात साबणानं धुऊन कोरडे करायला लावा. एक बाई नुकतंच फळ सोलून आल्या होत्या, ग्लुकोमीटर, म्हणजे बोटातल्या थेंबावर शुगर मोजणारं यंत्र, 240 दाखवत होता. हात धुऊन पुन्हा टोचलं तर 118. स्पिरिट लावलंत तर ते वाळू द्या. लॅन्सेट, म्हणजे बोट टोचायची सुई, एका माणसाला एकच, वापरला की लगेच भोक न पडणाऱ्या डब्यात. आणि ग्लुकोमीटरवरून कुणाला 'तुम्हाला डायबेटिस आहे' असं म्हणू नका, निदान लॅबच्या रिपोर्टवर होतं.

मोजणारी आणि लिहिणारी शेजारी-शेजारी बसा. आकडा दाखवायचा, ओरडून सांगायचा नाही. रांगेतल्या शेजाऱ्याला तो कळायचं काय कारण?

चिठ्ठीवर आकड्याखाली मोठ्या अक्षरात लिहा: कुणाला भेटायचं, किती दिवसांत. 140/90 च्या वर गेलं तर काही दिवसांत पुन्हा मोजायला या. 180/120 च्या पुढे असेल तर पाच मिनिटांनी परत मोजा, तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूची ताकद जाणं असेल तर चिठ्ठी राहू द्या, आधी अॅम्ब्युलन्स बोलवा.

भाषण दहा मिनिटांच्या वर नको. मी एकच प्रश्न विचारते, "बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून कुणी सोडलीय?" आधी कुणी बोलत नाही, मग एक हात वर होतो, मग सहा. पुढचा कार्यक्रम तेच लोक चालवतात. 17 मे हा जागतिक उच्च रक्तदाब दिन आणि 14 नोव्हेंबर हा मधुमेह दिन. या तारखा निमित्त म्हणून चांगल्या, पण बॅनरवर फार जीव टाकू नका.

खरं काम आठवड्याने सुरू होतं. ओपीडी ओसरली की दुपारी फोन लावायचे. रागवायचं नाही, "या ना, पुन्हा एकदा मोजू" एवढंच म्हणायचं. तीनदा फोन करूनही माणूस आला नाही तर रकान्यात 'नाही' लिहायचं, तो कोरा ठेवायचा नाही. पुढच्या शिबिराच्या आदल्या दिवशी मी सगळ्यात आधी या 'नाही'वाल्यांना फोन करते.