शुभंकर-शुभार्थींचा स्वमदत गट आपल्या गावात कसा सुरू करायचा

माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार आहे, आणि गेली काही वर्षं आम्ही अशी काही घरं गावात महिन्यातून एकदा भेटतो. बरेच जण विचारतात कसं सुरू केलं, म्हणून लिहितेय.

आधी शब्द. पेशंट म्हणायचं नाही, शुभार्थी म्हणायचं आणि सांभाळणारा तो शुभंकर. पुण्याच्या 'सा'मध्ये, म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमध्ये, हेच शब्द वापरतात. ती सुरू करणारे डॉ. जगन्नाथ वाणी स्वतः शुभंकर होते. जमलं तर तिथली एखादी मीटिंग आधी बघून या.

सुरुवातीला दोन-तीन घरं पुरेत, आम्ही तिघीच होतो. तुमच्या डॉक्टरांना सांगून ठेवा, ते नवीन घरांना तुमचा नंबर देतील. जागा शक्यतो दवाखान्यात नको, वाचनालय किंवा शाळेचा वर्ग बघा, दवाखान्याची पायरी चढायला लोक आधीच कंटाळलेले असतात. वेळ सकाळची ठेवू नका, गोळ्यांमुळे बऱ्याच जणांना सकाळी ग्लानी असते, आम्ही चारला भेटतो. दार उघडं ठेवायचं, कुणाला मधेच उठून फेऱ्या माराव्याशा वाटल्या तर मारू द्यायच्या.

नियम आमचे तीनच आहेत पण दर वेळी वाचून दाखवतो. इथलं बोलणं इथंच राहील, फोटो काढायचे नाहीत, आणि दुसऱ्याच्या गोळ्यांबद्दल सल्ला द्यायचा नाही. हा तिसरा फार महत्त्वाचा. आमच्याकडे एकाने सांगितलं की मी गोळ्या बंद केल्या आणि बरा आहे, ते ऐकून दुसऱ्या मुलाने घरी जाऊन बंद केल्या, पुढचे दोन महिने त्याच्या आईने जे काढले ते मी जवळून बघितलंय. तेव्हापासून ज्याने त्याने फक्त आपला अनुभव सांगायचा, डोसचं डॉक्टरांना विचारायचं.

पहिला अर्धा तास सगळे एकत्र, चहा, ओळख. मग दोन खोल्या, एकीत शुभार्थी, दुसरीत शुभंकर. हे जरूर करा कारण मुलासमोर आई 'मी थकले' असं म्हणू शकत नाही, आणि आईसमोर मुलगा 'गोळ्यांनी वजन वाढलं, मला लाज वाटते' असं म्हणत नाही. शुभार्थींचा गट शक्यतो स्थिरावलेल्या शुभार्थीनेच चालवावा, आमच्याकडे माझा भाऊ चालवतो आणि माझ्यापेक्षा खूप छान चालवतो.

शुभंकरांच्या खोलीत फिरून फिरून एकच प्रश्न येतो, आमच्यानंतर याचं काय. त्यासाठी एक मीटिंग वकिलांना बोलवा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे शुभार्थीला स्वतःचा प्रतिनिधी नेमता येतो, मला कसे उपचार हवेत आणि कसे नकोत हे आधी लिहून ठेवता येतं. हे लिहिताना शुभार्थीला बाजूला बसवून मोठ्यांनीच ठरवू नका, निर्णय त्याचा आहे. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी सरकारी हॉस्पिटलला जावं लागतं, ज्यांनी काढलंय त्यांना नवीन घराबरोबर पाठवा.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर सगळ्यांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून द्या, फुकट आहे, रात्रीही लागतो. कुणी जीव द्यायचं बोललं तर मीटिंग संपायची वाट बघू नका, त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना आणि डॉक्टरांना लगेच फोन.

आणि जो लागोपाठ दोनदा आला नाही त्याला फोन करा. का आला नाहीस असं नाही, जेवलास का, असं विचारा.