बचाव हेलिकॉप्टरचं कंत्राट देताना या चुका टाळा

निविदेचा मसुदा हाती आला की मी आधी दरपत्रक उघडतो. त्यात 'उड्डाणाचा तासाचा दर' एवढा एकच रकाना असेल, तर मसुदा तिथूनच दुरुस्तीला पाठवावा. शोध-बचावाचं हेलिकॉप्टर बहुतेक वेळ हँगरमध्ये उभं असतं आणि सरकार पैसे मोजतं ते त्या उभं राहण्याचे. वीजबिलात स्थिर आकार वेगळा, युनिटचे पैसे वेगळे, तसंच इथेही सज्जतेचं मासिक भाडं वेगळं मागवा. सज्जताही मिनिटांत लिहा. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये दिवसा १५ मिनिटांत, रात्री ४५ मिनिटांत उड्डाण अशी अट ठेवली गेली.

'एका तळाला एक हेलिकॉप्टर पुरे' म्हणणारी बोली स्वस्त दिसते. पण त्या एकाची तपासणी निघाली की तेवढ्या किनाऱ्याला वाली नाही. ब्रिटनने २०१३ मध्ये ब्रिस्टो कंपनीला १० तळांचं काम दिलं, तेव्हा हेलिकॉप्टरं २२ ठरली. तळागणिक दोन धरली तरी वर दोन उरतात.

यापेक्षा महागात पडणारी चूक म्हणजे कामासोबत जाणकारीही बाहेर देऊन टाकणं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबई हायजवळ पी-३०५ बार्ज बुडाला, तेव्हा नौदलाची जहाजं आणि हेलिकॉप्टरं धावली. तिथे उडवणारे आणि त्यांना तपासणारे एकाच घरातले असतात. कंत्राटात तसं नसतं. आयर्लंडने याची किंमत मोजली.

१३ मार्च २०१७ च्या रात्री 'रेस्क्यू ११६' हे कंत्राटी कंपनीचं सिकोर्स्की एस-९२ हेलिकॉप्टर डब्लिनहून निघालं. पश्चिमेला खोल समुद्रातून एका जखमी मच्छीमाराला आणायला दुसरं हेलिकॉप्टर गेलं होतं, त्याच्या पाठबळासाठी. पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्लॅकसॉडला इंधन घ्यायला खाली येत असताना, मध्यरात्र उलटल्यावर, ते ब्लॅकरॉक बेटावर आदळलं. चौघंही गेले. समोर जमीन आली की इशारा देणाऱ्या यंत्रणेच्या माहितीत ते बेटच नव्हतं. मागे इन्फ्रारेड कॅमेऱ्यावर बसलेल्याला ते दिसलं, त्याने उजवीकडे वळायला सांगितलं, पण तोवर हातात काही क्षणच उरले होते. लाइफ जॅकेटमधल्या बीकनची (पाण्यात पडलेल्याचं ठिकाण कळवणाऱ्या यंत्राची) अँटेना आणि जीपीएसची अँटेना यांत उत्पादकाने सांगितलेलं अंतर ठेवलेलं नव्हतं, हेही तपासात आढळलं. २०२१ च्या अहवालात तर शोध-बचावाच्या उड्डाणांवर देखरेख नेमकी कुणाची, याबद्दल सरकारी पातळीवरच गोंधळ होता असं नमूद आहे.

हे वाचून मला अजून अस्वस्थ व्हायला होतं, कारण यातलं बरंचसं जमिनीवर, दिवसाउजेडी पकडता आलं असतं. म्हणून हेलिकॉप्टरची जाण असलेली माणसं खात्याच्या स्वतःच्या पगारावर ठेवा. कंपनीची मार्ग-पुस्तिका (वैमानिकाने कोणत्या वाटेने उडायचं ते सांगणारी), इशारा यंत्रणेतली माहिती आणि अंगावरची साधनं कधीही तपासण्याचा हक्क करारात घ्या आणि वापरा. जॅकेटचा खिसा उघडून बघायला वेळ लागत नाही. देखरेख कोणत्या कार्यालयाची, ते सही होण्याआधी नावानिशी लिहा.

मूल्यमापनाच्या खोलीचं कुलूप सैल ठेवू नका. ब्रिटनची आधीची, २५ वर्षांची सुमारे ६ अब्ज पौंडांची योजना फेब्रुवारी २०११ मध्ये रद्द झाली. पसंतीच्या बोलीदार गटातल्या एका कंपनीपर्यंत व्यापारी गोपनीय माहिती पोहोचली होती. सगळं पहिल्यापासून करावं लागलं आणि सैन्यदलांच्या जुन्या सी किंग हेलिकॉप्टरांना २०१५ पर्यंत काम ओढावं लागलं. समितीतून बाहेर पडलेला माणूस उद्या बोलीदाराकडे नोकरीला गेला तर काय, याचा नियम निविदा काढण्याआधीच हवा.

कारखान्यातून अजून बाहेर न आलेल्या यंत्राच्या तारखेवर विसंबू नका. ब्रिटनमध्ये एडब्ल्यू-१८९ हेलिकॉप्टरं उशिरा आली, मधल्या काळात काही ठिकाणी एडब्ल्यू-१३९ वापरावी लागली. पर्यायी यंत्र कोणतं आणि त्याचा दर काय, हे करारातच असू द्या.

राहता राहिला हस्तांतरणाचा मुद्दा. हरलेला बोलीदार कोर्टात जाऊ शकतो. आयर्लंडमध्ये २०२३ च्या कंत्राटावेळी तसंच झालं, तेव्हा वेळापत्रकात ते महिने धरा. आणि सगळे तळ एकाच रात्री बदलू नका. एका तळावर नवी मंडळी रुळली, रात्रीच्या समुद्रावर विंचचा, म्हणजे दोराने माणूस वर ओढण्याचा, सराव झाला, की मग पुढचा तळ. तोपर्यंत जुन्या कंपनीला थांबवून घेता येईल, असं मुदतवाढीचं कलम जुन्या करारातच हवं.