प्लेअर घ्यायला निघालात? खिशात या पाच फाइली ठेवा

पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोड ते मुंबई रोज ये-जा करणाऱ्याचे सकाळ-संध्याकाळ मिळून सात तास तरी गाडीत जातात. त्यामुळे ऐकण्याच्या बाबतीत आम्ही पासवाले जरा चोखंदळच. डब्यातली पोरं विचारतात, "काका, मोबाइल असताना हे गाणी वाजवायचं वेगळं डबडं कशाला?" इगतपुरी सुटली की त्यांचं त्यांनाच कळतं. घाटातले बोगदे लागतात, रेंज जाते आणि ॲपवरचं गाणं गोल गोल फिरत बसतं. रेंज आलीच, तर ऑफिसचा फोन येतो आणि रंगात आलेली तोडी तिथेच तुटते.

तरी स्पष्ट सांगतो, तुम्ही मुख्यतः सिनेमाची गाणी ऐकत असाल, फोनला हेडफोनचं भोक आणि मेमरी कार्डाची जागा असेल, तर प्लेअर घेऊ नका. फोनमध्येच फाइली टाका, एअरप्लेन मोड लावा आणि वाचलेले पैसे इअरफोनवर घाला. रुळांच्या खडखडाटात कानात घट्ट बसणारा साधा इअरफोन महागड्या प्लेअरपेक्षा जास्त फरक पाडतो. वेगळा प्लेअर खरा लागतो तो तास-तासभराचं शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्याला, कीर्तन-प्रवचनवाल्याला, आणि ज्याला फोन बॅगेत टाकून चार तास कुणाचाच व्हायचं नाही त्याला.

घ्यायचाच ठरला, तर जाहिरातीतले आकडे बाजूला ठेवा. एका छोट्या कार्डावर पाच फाइली घ्या आणि त्या वाजवून बघा. एमजी रोडवर दुकानदार ओळखीचा असेल तर तो नाही म्हणत नाही. चांगले प्लेअर दुकानात क्वचितच ठेवलेले असतात, बहुतेक वेळा मागवावेच लागतात. मग परत करायची मुदत संपायच्या आत घरीच ही परीक्षा घ्या.

पहिली फाइल देवनागरी नावाची. किशोरी आमोणकरांचं कुठलंही रेकॉर्डिंग घ्या, फाइलचं नाव आणि आतले टॅग (गायक, राग, अल्बम अशी फाइलमध्येच लिहिलेली माहिती) दोन्ही देवनागरीत लिहा. स्वस्त प्लेअर नुसते चौकोन दाखवतात. त्याहून वाईट म्हणजे काही प्लेअर अक्षरं दाखवतात, पण जुळवत नाहीत. 'किशोरी'तला पहिला इकार 'क'च्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसतो, जोडाक्षरं फुटून हलंत होतात. असा प्लेअर वाईट वाजतो असं नाही, पण मग सगळा संग्रह रोमन लिपीत लिहायची तयारी ठेवा.

दुसरी फाइल खरं तर जोडी आहे. ज्या सीडीवर विलंबित आणि द्रुत वेगळे ट्रॅक आहेत पण तानपुरा मधे थांबत नाही, असे लागोपाठचे दोन ट्रॅक घ्या आणि सांध्यावर कान ठेवा. चांगला प्लेअर कळू देत नाही. बाकीच्यांत अर्ध्या सेकंदाचा खड्डा पडतो आणि समेच्या तोंडावर तो पडला की राग येतो, गाण्यातला नव्हे. असा खड्डा न पडता वाजण्याला गॅपलेस म्हणतात. एमपी३ बनवताना फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटते, ती वगळायची अक्कल प्लेअरला असावी लागते. फ्लॅकमध्ये (आवाज न गमावता लहान केलेल्या फाइलीत) ही शांतता मुळात नसते, पण पुढची फाइल वेळेत उघडायचं काम प्लेअरलाच करावं लागतं.

तिसरी, दोन तासांचं कीर्तन. चाळीस मिनिटं पुढे जा, प्लेअर पूर्ण बंद करा, परत लावा. तिथूनच सुरू झालं पाहिजे. त्यानंतर मधे दुसरं गाणं लावून पुन्हा कीर्तनाकडे या. बरेच प्लेअर इथे नापास होतात आणि तुम्हाला पुन्हा नमनापासून ऐकवतात. कीर्तनवाल्यांनी इतर सगळं सोडून एवढंच बघितलं तरी चालेल.

चौथी, हळू आवाजातला नुसता तानपुरा. शांत खोलीत, कानात बसणारा इअरफोन लावून ऐका. मागे 'स्सस' ऐकू आला तर तो प्लेअरचाच गोंगाट. गाडीत तो दबून जाईल, रात्री घरी मात्र छळेल.

पाचवी, २४ बिट ९६ किलोहर्ट्झची, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाची एक फ्लॅक फाइल. तुम्हाला तशा फाइलींची गरज आहे म्हणून नव्हे, तर प्लेअर धापा टाकतो का ते कळावं म्हणून.

एवढं झालं की प्लेअर खिशात घाला आणि न बघता आवाज कमी करून दाखवा. जमलं नाही तर नुसत्या काचेचा प्लेअर उभ्याने प्रवास करणाऱ्याच्या कामाचा नाही. खटक्याची बटणं हवीत, आणि ती लॉक होणारी हवीत. अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेअरमध्ये ॲप टाकता येतात, देवनागरीही नीट दिसते, पण चालू व्हायला वेळ लागतो आणि बॅटरी लवकर उतरते. साधा प्लेअर लगेच सुरू होतो. माझा कौल साध्याला. एक लक्षात घ्या, ॲपमधलं 'डाउनलोड' केलेलं गाणं म्हणजे फाइल नव्हे. ते कुलूपबंद असतं, त्याच ॲपमध्ये वाजतं, साध्या प्लेअरवर जात नाही. वर्गणी थांबली की तेही गेलं.

आता फॉरमॅट. इथे लोक उगाच घाबरतात. सीडीवरचा आवाज मिनिटाला साधारण १० एमबी जागा खातो. तोच जसाच्या तसा ठेवायचा असेल तर वेव्ह. काहीही न गमावता घडी घालून ठेवायचा असेल तर फ्लॅक, साधारण निम्म्या-साठ टक्के जागेत. कानाला सहसा न कळणारा भाग टाकून द्यायचा असेल तर एमपी३, एएसी, ओपस. वेव्ह मी ठेवत नाही, कारण त्यात टॅगचा भरवसा नाही आणि जागा दुप्पट. ६४ जीबीच्या कार्डावर सीडी दर्जाचं फ्लॅक अंदाजे पावणेदोनशे तास बसतं, ३२०चा (म्हणजे सेकंदाला ३२० किलोबिटचा) एमपी३ चारशेच्या वर, १२८चा हजाराच्या वर.

फरक ऐकू येतो का? आपल्या नाशिक ढोलाच्या पथकाचं रेकॉर्डिंग घ्या, एक प्रत १२८ची करा, एक ३२०ची. १२८मध्ये ताशावर काडी पडायच्या किंचित आधी एक 'फस्स' ऐकू येतो आणि झांजेचा खणखणाट पाण्यात बुडवल्यासारखा होतो. एमपी३ आवाजाचे छोटे तुकडे पाडून त्यावर काम करतो. तुकड्याच्या मधे ठोका पडला की त्याची चूक पूर्ण तुकडाभर पसरते, ठोक्याच्या आधीसुद्धा. ३२०मध्ये हे जवळजवळ जातं, आणि चालत्या गाडीत ३२० आणि फ्लॅक वेगळे ओळखून दाखवेल त्याला चहा माझ्याकडून. प्रवचनाला तर ६४चा मोनो पुरतो.

मग फ्लॅकचा उपयोग काय? घरच्यासाठी. माझी पद्धत अशी आहे: मूळ प्रत घरच्या हार्ड डिस्कवर फ्लॅकमध्ये, तिची दुसरी प्रत भावाकडे सिडकोत, आणि प्लेअरवर त्यातूनच काढलेली एमपी३. प्लेअर बदलतात, फॉरमॅटची फॅशन बदलते. फ्लॅकमधून उद्या काहीही काढता येतं. एमपी३मधून पुन्हा एमपी३ काढली की दर वेळी आवाज घासत जातो. आणि १२८चा एमपी३ फ्लॅकमध्ये बदलून आवाज सुधारत नाही, फक्त फाइल फुगते. कुणी पेन ड्राइव्हवर 'ओरिजिनल फ्लॅक' दिलं तर स्पेक नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडून बघा, आवाजात किती उंचीपर्यंतचे स्वर आहेत त्याचं चित्र तो काढतो. चित्र १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखं सपाट संपलं, तर बहुतेक वेळा ते मुळात १२८चंच असतं. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र वरचे स्वर मुळातच कमी असतात, तिथे या चित्रावरून लगेच आरोप करू नका.

सीडी उतरवायला यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह आणि विंडोजवर एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी. ओरखडे असलेली सीडी ते पुन्हा पुन्हा वाचतं आणि नीट वाचली का ते सांगतं. कॅसेटसाठी टेपचं लाइन आउट संगणकाच्या लाइन इनला जोडा आणि ऑडॅसिटीत रेकॉर्ड करा. आधी टेपचं हेड स्पिरिटच्या कापसाने पुसून घ्या. आवाजाची पातळी लाल रेषेला टेकू देऊ नका. फ्लॅकमधून एमपी३ काढायला फूबार२०००. सगळा फोल्डर एकदम बदलतो, टॅग जपतो.

टॅग हे कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं. एमपी३टॅग वापरा, नावात एमपी३ असलं तरी फ्लॅकही चालतं. कलाकाराच्या नावाआधी 'पंडित' लिहू नका, नाहीतर यादीत सगळे 'प'खाली रांगेत उभे राहतात. भीमसेन जोशींचं रोमन स्पेलिंग एकच ठरवा, दोन केलीत तर प्लेअरच्या लेखी ते दोन गायक. ट्रॅकच्या नावात राग आधी, ताल नंतर: 'यमन विलंबित एकताल'. छोट्या पडद्यावर पहिली दहा-बारा अक्षरंच दिसतात, तिथे रागच हवा. अनेक गायकांच्या संग्रहात 'अल्बम आर्टिस्ट' एकच भरा, म्हणजे अल्बमचे तुकडे होणार नाहीत. फाइलच्या सुरुवातीला ०१, ०२ असे आकडे टाका. नुसता १ टाकलात तर काही प्लेअरवर १ नंतर १० वाजतो.

काही स्वस्त प्लेअर तर नावही बघत नाहीत, ज्या क्रमाने फाइली कार्डावर चढल्या त्याच क्रमाने वाजवतात. तिथे फोल्डर एकेक करून, क्रमानेच कॉपी करावा लागतो. याच प्लेअरना बहुधा कार्डाची फॅट३२ नावाची जुनी मांडणी लागते. ३२ जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅट या नव्या मांडणीत येतात आणि ती त्यांना वाचताच येत नाहीत. नवीन कार्ड घेतलं की आधी एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा. खोट्या कार्डावर १२८ जीबी लिहिलेलं असतं, आत १६च असतात. त्यापुढची गाणी चढताना दिसतात, पण वाजत नाहीत. रस्त्यावरच्या स्वस्त कार्डाच्या नादी लागू नका, आणि संगणकातून कार्ड काढताना 'इजेक्ट' दाबल्याशिवाय उपसू नका.

घरात जुना आयपॉड पडून असेल तर भंगारात टाकू नका. ॲपलने २०२२मध्ये आयपॉड बंद केला, तरी जुने नग अजून चालतात. त्याला फ्लॅक समजत नाही. फ्लॅकचं एएलएसी (ॲपलचा फ्लॅकसारखाच फॉरमॅट) करून द्या, आवाजात काहीच जात नाही. किंवा तुमचं मॉडेल यादीत असेल तर त्यात रॉकबॉक्स हे प्लेअरचं दुसरं सॉफ्टवेअर टाका. ते फुकट आहे, फ्लॅक वाजवतं, गॅपलेस आहे, आणि कीर्तन कुठे थांबलं होतं तेही लक्षात ठेवतं. बॅटरी मात्र बहुधा बदलावी लागेल. ते काम जुने आयपॉड उघडलेला माणूस मिळाला तरच द्या, कारण झाकण काढताना आतली पट्टी तुटली की प्लेअर मुका होतो.