हाउसिंग बदललं, मग कव्हर बदललं का?

डिप्लोमा किंवा डिग्री संपवून डिझाइनच्या नोकरीत आलेल्या मुलामुलींना कॅड सॉफ्टवेअरमध्ये एकेका पार्टचं 3D मॉडेलिंग बऱ्यापैकी येत असतं. गाडी अडते ती असेंब्लीत, म्हणजे पार्ट एकत्र जोडलेल्या फाइलीत. एका पार्टची कड दुसऱ्या पार्टच्या स्केचमध्ये प्रोजेक्ट केलेली, म्हणजे लिंक ठेवून उमटवलेली असते, पुढच्या रिव्हिजनला पहिला पार्ट बदलतो, आणि दुसरा एक तर जागचा हलत नाही किंवा भलताच बदलतो. मी गिअरबॉक्सच्या डिझाइनमध्ये काम करते आणि नव्या लोकांना शिकवताना सगळ्यात जास्त वेळ याच विषयाला देते. कमांड पाच मिनिटांत समजते. कोणत्या पार्टने कोणाचं ऐकायचं, हे ठरवायला शिकणं मात्र वेळ घेतं.

एक साधा संच घ्या: हाउसिंग, कव्हर आणि त्या दोघांमध्ये बसणारं सीलचं पातळ गॅस्केट. शाफ्ट 30 मिमीचा, बेअरिंग 6206 या स्टँडर्ड नंबरचं, म्हणजे हाउसिंगचा बोअर (बेअरिंग बसायचं भोक) 62 मिमी. लोड वाढला, शाफ्ट 35 चा करावा लागला. बेअरिंग 6207 झालं, बोअर 72 वर गेला आणि बेअरिंगची रुंदी 16 ची 17 झाली. त्याबरोबर फ्लँज (कव्हर बोल्टने बसतं तो सपाट काठ) वाढला, बोल्टचा पीसीडी (बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास) वाढला. लिंक नीट असेल तर गॅस्केट आणि कव्हर आपोआप मागे येतात. नसेल तर तीन फाइली हाताने बदलायच्या, आणि त्यात गॅस्केट हमखास राहून जातं, कारण त्याच्याकडे कोणी पार्ट म्हणून बघतच नाही.

सॉलिडवर्क्समध्ये असेंब्लीत राहून कव्हर एडिट करायचं, फ्लँजच्या फेसवर स्केच उघडायचं आणि हाउसिंगची कड निवडून ‘कन्व्हर्ट एन्टिटीज’ द्यायचं. त्या रेषेवर ‘ऑन एज’ हे रिलेशन बसतं. लिंक म्हणजे तेच रिलेशन. ते डिलीट केलं की रेषा तिथेच दिसते, पण हाउसिंगशी तिचा संबंध उरत नाही. इन्व्हेंटरमध्ये हेच काम ‘प्रोजेक्ट जॉमेट्री’ करतं आणि पार्ट ॲडॅप्टिव्ह, म्हणजे दुसरा बदलला की आपोआप बदलणारा, होतो. कंट्रोल दाबून कड निवडली तर लिंक न ठेवता नुसता आकार येतो. नाव प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळं आहे, एनएक्समध्ये ‘वेव्ह जॉमेट्री लिंकर’, फ्रीकॅडमध्ये ‘सबशेप बाइंडर’, पण विचार सगळीकडे एकच.

आता खरा मुद्दा: काय प्रोजेक्ट करायचं? नवीन माणूस दिसेल ती कड उचलतो. हाउसिंगवर एम8 चं टॅप केलेलं (आटे पाडलेलं) होल असतं आणि मॉडेलमध्ये त्याचा व्यास बहुधा टॅप ड्रिलचा, म्हणजे आटे पाडण्याआधीच्या भोकाचा, 6.8 मिमी असतो. ती कड कव्हरवर प्रोजेक्ट केली तर कव्हरलाही 6.8 चंच होल पडतं, आणि एम8 चा बोल्ट त्यातून जात नाही. कव्हरला 9 मिमीचं क्लिअरन्स होल (बोल्ट मोकळा जाईल असं) लागतं. म्हणून होलचा फक्त सेंटर पॉइंट घ्या आणि व्यास कव्हरच्या स्केचमध्ये स्वतः द्या. होलची जागा हाउसिंग ठरवेल, त्याचं माप कव्हर ठरवेल. गॅस्केटचा बाहेरचा आकार मात्र बेलाशक फ्लँजवरून घ्या, कारण तिथे दोघांचा आकार एकच असायला हवा. ही निवड ज्याला जमली, त्याचं निम्मं काम झालं असं मी मानते.

कडेबद्दल आणखी एक. फिलेट (गोलाई दिलेला कोपरा) आणि चॅम्फर (तिरका कापलेला कोपरा) लागल्यानंतरची कड शक्यतो प्रोजेक्ट करू नका. फिलेट 3 चा 5 केला तर ती कड सरकते, आणि फिलेट काढून टाकला तर कडच नाहीशी होते. मग कव्हरचं स्केच लाल-पिवळं होऊन एरर देतं. त्यापेक्षा हाउसिंगच्या मूळ स्केचमधली रेषा पकडा, ती जास्त टिकते. सॉफ्टवेअर कडांना आतून ओळखीची नावं देतं, आणि मॉडेलची रचना बदलली की ती नावं बदलू शकतात. फ्रीकॅडचे जुने वापरकर्ते या त्रासाला कंटाळलेले होते. 2024 मध्ये आलेल्या 1.0 आवृत्तीत तो बराच कमी केला गेला.

सॉलिडवर्क्सच्या फीचर ट्रीमध्ये (डावीकडच्या फीचरच्या यादीत) नावापुढे छोटा बाण दिसतो, तो वाचायची सवय लावून घ्या. नुसता बाण म्हणजे बाहेरचा रेफरन्स (आपली लिंक) चालू आहे. बाणापुढे प्रश्नचिन्ह म्हणजे ज्या असेंब्लीत हा रेफरन्स बनला ती आत्ता उघडी नाही. चांदणी म्हणजे लॉक, फुली म्हणजे तोडलेला. यात प्रश्नचिन्ह सगळ्यात महत्त्वाचं. हाउसिंग बदलून सेव्ह केलं, मग गॅस्केटची फाइल एकटीच उघडली, तर गॅस्केट जुन्याच आकारात दिसतं. ना एरर, ना लाल खूण. तिथूनच कटिंगसाठी डीएक्सएफ (आकाराची 2D फाइल) काढली तर व्हेंडरकडे 62 चं गॅस्केट जातं आणि असेंब्लीच्या टेबलावर 72 चा बोअर वाट बघत असतो. प्रश्नचिन्ह दिसलं की आधी असेंब्ली उघडा, मगच पुढचं काम करा.

लिंकची दिशा एकच ठेवा. कव्हर हाउसिंगवरून घेतलं, मग घाईत हाउसिंगचं एक माप कव्हरवरून घेतलं, की चक्र तयार होतं. रिबिल्ड केलं (मॉडेल नव्याने हिशोबून घेतलं) तरी रिबिल्डची खूण जात नाही, कधीकधी तर प्रत्येक रिबिल्डला माप थोडं सरकतं. पार्ट वाढले की यावर उपाय म्हणजे स्केलेटन: एक वेगळी पार्ट फाइल, जिच्यात सॉलिड आकार काही नाही, फक्त प्लेन आणि स्केच. शाफ्टचे सेंटर, बोअर, फ्लँजचा आकार, पीसीडी, सगळं तिथे. बाकी प्रत्येक पार्ट त्या एकाच फाइलकडून घेतो, एकमेकांकडून नाही. सुरुवातीला हे जास्तीचं काम वाटतं. दोन शाफ्टमधलं सेंटर डिस्टन्स बदलायची वेळ आली आणि ते एका जागी बदलून सगळा गिअरबॉक्स मागोमाग आला, की त्या फाइलची किंमत कळते.

हलणाऱ्या पार्टवरून प्रोजेक्ट करणं टाळा. सरकणाऱ्या गार्डची कड फ्रेमच्या स्केचमध्ये घेतली तर गार्ड सरकवल्यावर फ्रेमची होलं सरकतात. बेअरिंग, बोल्ट, सील अशा स्टँडर्ड पार्टमध्येही बाहेरचा रेफरन्स मुळीच नको. तीच फाइल दुसऱ्या दहा असेंब्लीत वापरली जात असते. आणि फाइलचं नाव विंडोजच्या फोल्डरमध्ये जाऊन बदलू नका. दुसऱ्याला द्यायची असेल तर जोडलेल्या सगळ्या फाइली एकत्र कॉपी करणारं ‘पॅक अँड गो’ वापरा.

नवीन नोकरीत पहिल्याच आठवड्यात सीनियरना विचारा, इथे लिंक ठेवतात की रिलीजच्या आधी बंद करतात? काही ठिकाणी लिंक बनवायलाच मनाई असते आणि ‘नो एक्स्टर्नल रेफरन्सेस’ हे लिंक बनूच न देणारं सेटिंग कायम चालू असतं. त्यांचं कारण समजून घ्या, ते बहुतेक वेळा सबळ असतं. मुलाखतीला जाण्याआधी वरचा तीन पार्टचा संच घरी बनवा, 6206 चं 6207 करा, आणि काय हललं, काय नाही, का नाही, हे तोंडी सांगता येईपर्यंत करून बघा.

ड्रॉइंग रिलीज करताना मी असेंब्ली उघडते, कंट्रोल-क्यू देऊन पूर्ण रिबिल्ड करते आणि प्रत्येक बाण तपासते. मग ‘लॉक ऑल’ देते. ‘ब्रेक ऑल’ सहसा नाही, कारण लॉक पुढच्या रिव्हिजनला उघडता येतं, तोडलेली लिंक पुन्हा नव्याने बांधावी लागते. डीएक्सएफ त्यानंतरच.